कोकणात स्पोर्ट्स सेडान: व्हर्टस, व्हर्ना, सिटी हायब्रिड की जुनी थ्री सिरीज?

प्रश्न थोडक्यात असा. देवरुखच्या बाजूला वाडीत घर, डांबरी रस्त्यापासून अंगणापर्यंत कच्ची, उताराची घाटी. कामानिमित्त दर आठवड्याला आंबा घाटातून कोल्हापूर, गणपती-शिमग्याला मुंबईच्या फेऱ्या. घरात आई-वडील धरून पाच माणसं. एसयूव्ही नको, चालवताना मजा येईल अशी सेडान हवी. ऑन-रोड बजेट २२ लाखांच्या आत. यादीत फोक्सवॅगन व्हर्टस १.५, ह्युंदाई व्हर्ना टर्बो आणि होंडा सिटी हायब्रिड. वर मावसभावाचा आग्रह की तेवढ्याच पैशात जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज येते, ती घे.

माझं मत आधीच सांगून टाकतो: व्हर्टस १.५, आणि मिळत असेल तर मॅन्युअल. पण ही शिफारस तुमची घाटी पास झाली तरच. घाटीत गाडी खालून लागणार असेल तर इंजिनाची ताकद १५० पीएस (अश्वशक्ती) असो की ३७४, तुम्ही गाडी वर रस्त्यावर लावून छत्री घेऊन चालत घरी येणार. म्हणून सुरुवात शोरूमपासून नको, अंगणापासून करा.

व्हर्टस आणि तिची जुळी बहीण स्कोडा स्लाव्हिया यांचा कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची उंची) १७९ मिमी. हा रिकाम्या गाडीचा आकडा आहे. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेतली की गाडी ३०-४० मिमी सहज बसते, आणि मागून जास्त बसते. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीवर हे स्वतः मोजता येतं. जमिनीपासून चाकावरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेपने चारही बाजूंनी मोजा, मग घरची पाच माणसं बसवून पुन्हा मोजा. मागच्या चाकाकडचा फरक बघितलात की ब्रोशरमधला आकडा विसराल.

घाटीत गाडी तीन ठिकाणी लागते आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. डांबर संपून उतार सुरू होतो तिथे गाडीचं पोट लागतं. तिथे उंचीइतकाच व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) महत्त्वाचा. भरलेल्या गाडीची उंची १५० मिमी धरली तर व्हर्टसच्या २६५१ मिमी व्हीलबेसला साधारण १३ अंशांचा मोड पोट न घासता निघतो. तीच उंची आणि लांब व्हीलबेसच्या थ्री सिरीजचे २९६१ मिमी धरले तर साडेअकरा अंशांतच पोट टेकतं. दुसरी जागा म्हणजे उतार संपून सपाट अंगण लागतं ती, तिथे पुढचा बंपर घासतो. तिसरी जागा दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा. पावसात चाकोऱ्या खोल होतात, मधला जांभा तसाच उभा राहतो आणि थेट चेंबरखालच्या (इंजिन ऑइलच्या टाकीखालच्या) गार्डला लागतो. इथे व्हीलबेसचा संबंध नाही, फक्त उंचीचा आहे.

उतार मोजायला एक मीटरची सरळ फळी आणि पाणपातळी पुरते. फळीचं वरचं टोक उताराला टेकवा, खालचं टोक पातळी येईपर्यंत उचला, आणि त्या टोकाखालची फट मोजा. २० सेंमी असेल तर उतार पाचास एक, म्हणजे ११ अंशांच्या आसपास. व्हर्टस, व्हर्ना बऱ्याचदा निघतात. २५ सेंमी असेल तर १४ अंश, आणि भरलेली गाडी लागणारच. अशा वेळी गाडी बदलण्यापेक्षा घाटी बदलणं स्वस्त पडतं. मोडाच्या जागी साधारण तीन मीटर लांबीत चिरे लावून वर काँक्रीट ओता आणि तेवढ्या पट्ट्याचा उतार निम्मा ठेवा, म्हणजे एका टोकदार मोडाचे दोन सौम्य मोड होतात. खालच्या टोकालाही तसंच. काँक्रीट ओलं असताना त्यावर आडव्या खाचा पाडून घ्या, नाहीतर पहिल्याच आषाढात शेवाळ धरेल. यादीतल्या तिन्ही गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. चढावर वजन मागे जातं आणि पुढची चाकं शेवाळावर जागच्या जागी फिरत बसतात. ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढणं हाच त्यावर उपाय, त्याला पर्याय म्हणून महाग टायर घेऊ नका.

आता इंजिन. घाटात पीएसच्या आकड्याला फार अर्थ नाही, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरचा (आरपीएम) टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, बघायचा. व्हर्टस आणि स्लाव्हियाचं १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर देतं, तेही १६०० फेऱ्यांपासून. व्हर्ना टर्बो १६० पीएस, २५३ न्यूटन-मीटर, १५०० पासून. साधी पेट्रोल सिटी १२१ पीएसची आहे, पण तिचा १४५ न्यूटन-मीटर टॉर्क ४३०० फेऱ्यांना येतो. आंबा घाटाच्या वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २५-३० ने बाहेर पडताना इंजिन दोन हजारांच्या आसपास असतं. तिथे टर्बो गाडी पाय टेकवला की ओढते. सिटीला तिथे पहिला गिअर द्यावा लागतो किंवा ओरडावं लागतं. पुढे उसाचा नाहीतर चिऱ्यांचा ट्रक असेल आणि सरळ पट्टा दीडशे मीटरचाच असेल, तर हा फरक सोयीचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो.

व्हर्टस-स्लाव्हियातच लहान १.० टीएसआय घेऊन पैसे वाचवावेत का, असाही प्रश्न येतो. ११५ पीएस, १७८ न्यूटन-मीटर. हायवेला छान, एकट्या माणसाला पुरेशी. पण पाच माणसं, एसी चालू आणि दीड हजाराखाली फेऱ्या पडल्या की ती क्षणभर मेल्यासारखी होते. तुमच्या वापराला १.५ च घ्या. फरकाची रक्कम पहिल्या पावसाळ्यात विसराल.

सिटी हायब्रिडचं गणित वेगळं आहे. मोटर २५३ न्यूटन-मीटर देते आणि शहरात, गर्दीत तिच्याइतकी शांत आणि काटकसरी गाडी या यादीत दुसरी नाही. मात्र लांब चढावर बॅटरी उतरली की इंजिन मोठ्याने फिरत वीज बनवत राहतं, आणि आवाज वाढतो तसा वेग वाढत नाही. मजा हवी म्हणून सेडान घेणाऱ्याला हे रुचत नाही. शिवाय बॅटरी डिकीतली बरीच जागा खाते. गणपतीला मुंबईहून सामान आणणाऱ्याने डिकी उघडून बघितल्याशिवाय बुकिंग करू नये. तिचा क्लिअरन्सही १६५ मिमी आहे, म्हणजे व्हर्टसपेक्षा जवळपास दीड सेंटीमीटर कमी. घाटीत हा दीड सेंटीमीटर कळतो.

गिअरबॉक्सवर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पश्चात्ताप इथेच होतो. व्हर्टसचा सात-स्पीड डीएसजी आणि व्हर्ना टर्बोचा सात-स्पीड डीसीटी, दोन्ही दोन क्लचचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि दोन्ही ड्राय क्लचचे. म्हणजे क्लच तेलात बुडालेले नसतात, हवेवरच थंड होतात. वाहत्या रस्त्यावर त्यांच्याइतका चपळ गिअरबॉक्स नाही. पण गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत माणगाव-इंदापूरच्या रांगेत तुम्ही दोन-दोन फूट सरकत असता, तेव्हा क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो. सवय अशी लावा: पुढे दोन गाड्यांइतकी जागा होईपर्यंत ब्रेक दाबून थांबायचं, मग ब्रेक पूर्ण सोडून ठामपणे पुढे जायचं आणि पुन्हा थांबायचं. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी तोलून धरणं हा क्लच जाळण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग. पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला तर बाजूला घ्या, पी मध्ये टाका, थंड होऊ द्या. “अजून दोन किलोमीटर” करत रेटू नका.

अंगणातून उलट्या गिअरमध्ये घाटी चढणं ही ड्राय क्लचला दुसरी शिक्षा. कमी वेग, जास्त भार, आणि ड्रायव्हर मागे बघत अर्ध्या ब्रेकवर. अंगणात गाडी वळवण्याइतकी जागा करून घ्या. ते जमणार नसेल तर ऑटोमॅटिकचा विचार सोडाच.

म्हणूनच मॅन्युअल म्हणतो. त्यातही क्लच जळतोच, पण वास आला की चूक तुम्हाला लगेच कळते, आणि क्लच प्लेट बदलायला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. अडचण एवढीच की १.५ मॅन्युअलचे व्हेरियंट कंपन्या गुपचूप बंद-चालू करतात. आज यादीत काय आहे ते लेखी विचारून घ्या. मिळत नसेल आणि घाटीचा प्रश्न सुटलेला असेल, तर डीएसजी घ्यायला हरकत नाही, फक्त वॉरंटी पहिल्याच दिवशी वाढवून घ्या.

ब्रेकबद्दल बाजारात एकच वाद ऐकू येतो: व्हर्टस-स्लाव्हियाला मागे ड्रम, व्हर्ना टर्बोच्या वरच्या व्हेरियंटला आणि सिटी हायब्रिडला मागे डिस्क. आकड्यांत डिस्क बरी, मान्य. पण पुढच्या चाकांवर ब्रेकचा मोठा भार असतो, आणि घाटात ब्रेक जातात ते बहुतेक वेळा ड्रममुळे जात नाहीत, ब्रेक ऑइलमुळे जातात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषलेल्याचा १५५ अंशांपर्यंत उतरतो. आंब्याचा उतार सतत ब्रेकवर उतरलात की ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. आपल्या हवेत दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं ही चैन नाही. मेमध्ये सर्व्हिसिंगला गाडी दिलीत तर ओलावा टेस्टरने तपासून द्यायला सांगा.

उतरताना चढाचाच गिअर. डीएसजी-डीसीटीमध्ये लिव्हर मॅन्युअलला घेऊन किंवा पॅडलने दुसरा-तिसरा धरून ठेवा, डी मध्ये सोडून उतरू नका. सिटी हायब्रिड उतरताना मोटरने चार्ज होत सावकाश उतरते, हे सुख खरं आहे. पण लांब उतारावर बॅटरी भरली की तिलाही इंजिनाचाच आधार घ्यावा लागतो.

सस्पेन्शन आणि स्टिअरिंग हा चवीचा भाग आहे, तिथे हटकून माझंच खरं असं म्हणणार नाही. व्हर्टस थोडी कडक बसते, खड्ड्यात ठक आवाज येतो, पण वेगात आणि वळणात जमिनीला धरून चालते. व्हर्नाचा जोर तितकाच किंवा जास्तच, स्टिअरिंग मात्र हलकं, आणि मागची सीट भरलेली असताना लाटांसारख्या रस्त्यावर ती जास्त हलते. मागे आई-वडील बसणार असतील तर त्यांनाच विचारा. सेडानची सीट खाली असते, गुडघेदुखी असलेल्या माणसाने तीनदा बसून-उठून बघितल्याशिवाय पैसे भरू नका. आणि मागे तीन मोठी माणसं यातल्या कुठल्याही गाडीत दाटीवाटीनेच बसतील.

सुरक्षेत तुम्हाला फार निवड करावी लागत नाही: व्हर्टस, स्लाव्हिया आणि व्हर्ना तिन्हींना ग्लोबल एनकॅपचे (गाड्यांची अपघात-चाचणी) पाच तारे आहेत. व्हर्ना आणि सिटीत वरच्या व्हेरियंटला अडास (ड्रायव्हरला मदत करणारी कॅमेरा-सेन्सरची यंत्रणा) मिळतं, व्हर्टसमध्ये नाही. हातखंब्यापुढे चौपदरी मोकळ्या पट्ट्यावर त्याचा उपयोग आहे. जिथे पट्टे पुसलेत, रस्त्यात गुरं बसलीत आणि डायव्हर्जनला लेन दोन फूट खाली उतरते, तिथे लेन-असिस्ट बंदच ठेवाल. फक्त अडाससाठी गाडी बदलू नका.

टायर. २०५/५५ आर१६ या मापात बाजूची भिंत ११३ मिमी उंच असते, १८ इंची २२५/४० मध्ये ९० मिमी. उघड्या खडीवर आणि काँक्रीटच्या तुटक्या कडेवर हा फरक रिम वाचवतो, म्हणून मोठी अलॉय चढवण्याचा मोह टाळा. उलट दिशेने थोडं जायचं असेल तर २१५/५५ आर१६ ने व्यास ११ मिमी वाढतो, गाडी साडेपाच मिमी उचलली जाते आणि स्पीडोमीटरमध्ये दोन टक्क्यांहून कमी फरक पडतो. त्यापुढे जाऊ नका. चाक पूर्ण वळवून, गाडी भरून, आतल्या लायनरला घासत नाही ना हे बघा आणि वॉरंटीबद्दल डीलरकडून लेखी घ्या. कायद्याने नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते, पण इथल्या जुलैत तीन मिमीखालचे टायर पाण्यावर तरंगतात. कोल्हापूरच्या उन्हाळ्याला ते चालतील, पावसाळ्याआधी बदला.

आता मावसभावाची थ्री सिरीज. चालवायला ती यादीतल्या सगळ्या गाड्यांच्या वर आहे, यात वादच नाही. पण तुम्ही किंमत बाजाराची देता आणि सुटे भाग मात्र मूळ किमतीच्या गाडीचे घेता. अनेक गाड्यांना रन-फ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) असतात: कडक, महाग, आणि स्टेपनी नसली तर साखरप्याला फाटलेला टायर कोल्हापूरहून किंवा मुंबईहून येईपर्यंत गाडी उभी. अधिकृत सर्व्हिसला जिल्ह्याबाहेर जावं लागणार, आणि बंद पडली तर साध्या टोइंगने ओढता येत नाही, फ्लॅटबेडच लागतो. घ्यायचीच असेल तर दुसरी गाडी म्हणून घ्या, एकुलती एक नको.

जुनी कुठलीही गाडी घेताना पुराची तपासणी सोडू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं. खेड, महाड, राजापूरलाही पाणी नवं नाही. अशा गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढा. तळाच्या पट्ट्यावर मळकट रेघ असेल तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं. स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक लाल गाळ, सीटखालच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज, हेडलाइटच्या आत धुरकट थर, एसी लावल्यावर कुबट वास. दोन खुणा एकत्र दिसल्या तर किंमत करत बसू नका, निघून या.

मन खरोखर स्पोर्ट्स सेडानवरच असेल तर स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचं नाव निघणारच. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतात जेमतेम १०० गाड्या आल्या, २६५ पीएस, ३७० न्यूटन-मीटर, एक्स-शोरूम ४९.९९ लाख. तो तुमचा प्रश्न नाही.

नवी गाडी घेतल्यावर पहिल्या पावसाआधी अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या तळाला गंजरोधक थर) करून घ्या, पण स्वतः समोर उभं राहून. दाराखालच्या पट्टीतली पाणी निचऱ्याची छिद्रं अनेकदा त्यातच बुजवली जातात, आणि मग गंज बाहेरून न येता आतून धरतो. सायलेन्सर, ब्रेक आणि सस्पेन्शनच्या रबरावर फवारा नको. चेंबरखाली प्लास्टिकचं गार्ड असेल तर त्याच्या क्लिपा पावसाळ्यात दर महिन्याला बघा. एक निघाली की चाकोरीतला दगड पूर्ण गार्ड फाडतो. गणपतीपुळ्याला किंवा गुहागरला वाळूत गाडी घालणाऱ्यांना काय सांगणार. घातलीच तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या हवेने अलॉयची आतली कड खरखरीत होते आणि टायर हळूहळू हवा सोडतो. पंक्चर सापडत नसेल तर तिथे बघा. तवसाळ-जयगड किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीला ओहोटीच्या वेळी उतार जास्त उभा असतो. माणसं उतरवा, शक्य तितकी तिरकी घाला.

पाण्यातून जायची वेळ आली तर चाकाच्या मध्यापर्यंत ही हद्द. त्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात असं नुकसान सहसा नाकारलं जातं, म्हणून इंजिन प्रोटेक्ट हे जादा कवच घ्याच, झिरो डेप्रिसिएशनच्या (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) जोडीला. उंदीर वायरी कुरतडतात तेही कशात बसतं ते पॉलिसीत वाचून घ्या. मांगरात (शेतातल्या छपरात) गाडी लावणाऱ्याला हा खर्च हमखास येतो.

खर्चाचं शेवटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब असलेल्या या सेडानवर सेस जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधीची कोटेशन्स फेकून द्या. आपल्याकडे पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यापुढे १३, आणि कंपनीच्या नावावर घेतलीत तर २०. म्हणजे १९ लाखांच्या गाडीला २ लाख २८ हजार. व्यवसायाच्या नावावर घेऊन जीएसटी वाचवू म्हणणाऱ्याने हा आकडा आधी बघावा. शिवाय अशा गाडीवर जीएसटीचं क्रेडिट सहसा मिळतच नाही.

नोंदणीआधीच पीडीआय (ताबा घेण्याआधीची तपासणी) करा. एमएच-०८ ची पाटी लागल्यावर तक्रारीला कोणी विचारत नाही. पाचही टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चार टायर एका महिन्याचे आणि एक वेगळा असेल तर कारण विचारा. गाडी यार्डात पावसात उभी असेल तर डिकीतली स्टेपनी उचलून खाली हात फिरवा, पाणी साचलेलं चटकन हाताला लागतं. डिस्कवरचा नारिंगी गंज एका फेरीत जातो, त्यावरून भांडू नका. दाराच्या रबराखालचा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरचा मात्र सोडू नका.